फोनमधली आई

शिंपीमास्तरांची बायको परगावी नोकरीला गेली, तेव्हा त्यांची मुलगी नुकती कुठे दुडदुडायला लागली होती आणि बोलण्याच्या नावानं सगळा आनंदच होता. तिचं नाव चांगलं भारदस्त ठेवलं होतं, पण ते दाखल्यावरच राहिलं. सगळे तिला ठकी म्हणत. दिवसभर दुकानात चिंध्यांच्या ढिगात बसून ती चिंध्यांच्या बाहुलीसारखीच दिसायची.

नोकरी धरावी लागली, कारण तयार कपड्यांच्या दुकानांनी मास्तरांचं गिऱ्हाईक पळवलं होतं. हाती उरली होती ती पँटी आखूड करायची आणि चेनी बदलायची कामं. बायकोनं लग्नाआधी आजाऱ्यांची शुश्रूषा करायचं शिक्षण घेतलं होतं. ते आता उपयोगी पडलं. दूरच्या शहरात एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायचं आणि त्यांच्याच घरी राहायचं, असं काम मिळालं. "थोडे दिवस काढू, मग बघू," ती म्हणाली. मास्तरांनी मान डोलावली आणि मशीनचं चाक फिरवलं.

मास्तर माणूस सोन्यासारखा, पण तोंडात कायम टाचण्या. टाचण्या नसतील तेव्हाही त्या असल्यासारखेच गप्प. बायको घरात होती तोवर त्याचं काही वाटलं नाही, कारण ती दोघांच्या वाटचं बोलायची. भाजी चिरताना भाजीशी बोलायची, चप्पल सापडली नाही तर चपलेवर रागवायची. ती गेली आणि तिच्याबरोबर घरातलं बोलणंही गेलं. ठकी कापड बेतायच्या टेबलाखाली बसून राहायची. मशीनची घरघर, कात्रीची करकर आणि इस्त्रीचा फुस्स एवढंच तिच्या कानावर पडायचं.

रोज दिवेलागणीला आईचा फोन यायचा. मास्तर फोन पोरीच्या तोंडासमोर धरायचे. तिकडून आई हात जोडायचीच बाकी ठेवायची. "ठकी, आई म्हण. म्हण ना. आ... ई... बरं, दूध म्हण. बाबा तरी म्हण!" ठकी काचेवर बोट टेकवायची, आईच्या नाकाला हात लावून बघायची आणि ते नाक गार, सपाट लागलं की उठून निघून जायची. मग फोनमध्ये रिकाम्या भिंतीचा तुकडा दिसायचा. त्या भिंतीचा रंग कुठे उडालाय, हे आईला पाठ झालं होतं.

असे महिने गेले. ठकी बालवाडीत जायला लागली, तरी बोलणं येईना. हवं ते बोटानं दाखवायची, नको ते ढकलायची, की झालं तिचं काम. आईचा जीव टांगणीला लागला होता. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला. सगळं ठणठणीत होतं. मग एके दिवशी बालवाडीच्या ताईंनीच आईला फोन लावला.

"मुलगी हुशार आहे हो," ताई म्हणाल्या. "तिला कळतं सगळं. पण तिच्या वाट्याला बोलणं फार कमी आलंय."

आईला ते कुठेतरी खोल लागलं. जन्मभर जिनं तोंडाचा पट्टा बंद केला नाही, तिच्या मुलीच्या वाट्याला बोलणं कमी आलं! आणि ती स्वतः इथे दिवसभर बोलत होती ती परक्या आजींशी, तेही त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ओरडून ओरडून.

"एक गोष्ट मात्र आहे," ताई पुढे म्हणाल्या. "आमच्याकडे किड्यांचं एक चित्रांचं पुस्तक आहे. जाड पुठ्ठ्याची पानं, एकेका पानावर एकेक किडा, पण प्रत्येकाचं काहीतरी चाललेलं. बाकीची मुलं गाड्यांवर तुटून पडतात, ही त्या पुस्तकापाशी बसते. कुणी ते उचललं तर तिथल्या तिथे बसकण मारते. म्हटलं, या वाटेनं जाऊन बघू या. दुकानात मिळतं ते. एक घरी ठेवा, एक तुमच्याकडे."

टेबलाखाली बसणाऱ्या पोरीला किड्यांशिवाय दुसरी सोबत कोणती असणार, हे आईच्या लक्षात आलं आणि तिला गलबलून आलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं आजींना चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि पुस्तकांच्या दुकानांच्या रस्त्यानं ढकलत नेलं. आजी जुन्या काळच्या टंकलेखिका होत्या. साहेबांच्या चुका न विचारता दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि ती सवय अजून सुटली नव्हती.

"कसलं पुस्तक म्हणालीस?"

"किड्यांचं, आजी! किड्यांचं!"

"विड्यांचं? शी! आणि लहान मुलीला?"

दुकानदार हसून हसून बेजार झाला, पण पुस्तक मिळालं. तिनं ते तिथेच उघडून पाहिलं. मुंगी साखरेचा दाणा ओढत होती. नाकतोडा उडीच्या तयारीत होता. शेणकिडा मागच्या पायांनी भलाथोरला गोळा लोटत होता. मोरीच्या जाळीतून एक झुरळ मिशा बाहेर काढून बघत होतं. ते पान आजींनी स्वतःच्या हातानं उलटलं.

त्या संध्याकाळी तिकडे मास्तरांनी पुस्तक उघडून धरलं, इकडे आईनं उघडलं आणि तिची सरबत्ती सुरू झाली. "हे काय आहे? सांग. मुंगी ना? म्हण मुंगी. किती पाय आहेत? रंग कोणता?" ठकी पहिल्या पानालाच टेबलाखाली गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

आईनं ताईंकडे गाऱ्हाणं घातलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही परीक्षा घेताय तिची," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी रोज फोन करून 'हे काय, ते काय' विचारलं असतं, तर तुम्ही उचलला असता का?"

"मग करू काय?"

"काही विचारू नका. चित्रात काय चाललंय ते सांगा, आपण शेजारणीला सांगतो तसं. मग थांबा. ती काही बोलली, नुसतं बोट ठेवलं, हुंकार दिला, तरी तो धरायचा आणि त्यात एक शब्द घालून तिला परत द्यायचा. पण मधे थांबायचं. तेवढं विसरू नका."

थांबायचं म्हणजे गप्प बसायचं! या बाईला कुणी पर्वत चढायला सांगितला असता तर ती एक वेळ चढली असती. पण त्या संध्याकाळी तिनं पदर मुठीत आवळून धरला आणि म्हणाली, "ठकी, बघ तरी या मुंगीचं. केवढा दाणा! हिच्याहून मोठा. ओढतेय, ओढतेय..." आणि तिनं ओठ मिटले.

तिकडे काही नाही. मास्तरांचा अंगठा पानाच्या कडेवर दिसत होता. आजींनी न राहवून विचारलं, "फोन बंद पडला का गं?" आईनं त्यांना हातानंच थांबवलं. मग टेबलाखालून एक डोकं हळूच वर आलं, पुस्तकाजवळ सरकलं, आणि एक इवलंसं बोट त्या दाण्यावर टेकलं.

"हो गं बाई, दाणा," आई म्हणाली. "गोड दाणा."

पुढची पानं रोज थोडी थोडी होत गेली. आजी आता दिवेलागणीची वाट बघू लागल्या. चष्मा पुसून, खुर्ची फोनच्या अंगाला लावून बसत आणि झुरळाचं पान आलं की न चुकता ओरडत, "ईईई! ते नको, पुढचं घे!" मग एकदा तिकडून खुदकन आवाज आला. ठकी हसली होती. त्यानंतर आजींना मुद्दाम दोनदा ओरडावं लागे, एकदा भीतीनं आणि एकदा पोरीसाठी.

पहिला शब्द आला तो शेणकिड्याच्या पानावर. आई सांगत होती, "आता आला चढ. गोळा जड. पाय लावले, जोर लावला..." आणि ती थांबली.

"ढकल!" ठकी म्हणाली.

मास्तरांच्या हातातून पुस्तक सुटलं. पण ताईंचा धडा आई विसरली नव्हती. "ढकल, किड्या, ढकल!" ती कशीबशी म्हणाली.

"कुणी ढकललं? कुणाला?" आजी घाबरून विचारू लागल्या आणि आई रडता रडता हसायला लागली.

मग बांध फुटल्यासारखं झालं. 'ढकल'च्या मागोमाग 'ओढ' आला, 'उडी' आली, 'बाई गं' आलं. मुंगीची 'मुंदी' झाली आणि नाकतोड्याचा 'नातोडा'. एकाचे दोन, दोनाचे तीन शब्द जोडले जाऊ लागले. "मुंदी घली गेली." मुंगी घरी का गेली, हे विचारल्यावर पुष्कळ विचार करून उत्तर आलं, "दमली." पानं उलटता उलटता मास्तरांनाही तोंडातल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या. दुपारी पोरगी पुस्तक घेऊन मांडीत येऊन बसली की करणार काय! एकदा आईनं फोन लावला तेव्हा पलीकडे मास्तरांचा आवाज चालू होता. "...आणि नाकतोडा म्हणाला, मला या विजारीला लांब पाय करून द्या हो मास्तर." ठकीनं फोन उचललाय हे त्यांच्या गावीही नव्हतं. बायको श्वास रोखून ऐकत राहिली. एवढं लांबलचक वाक्य लग्नानंतर तिच्या वाट्यालाही कधी आलं नव्हतं.

आनंदाला तोटा नव्हता, आणि तरी फोन बंद झाला की तिला सुनं सुनं वाटायचं. मुलगी बोलत होती, पण तिच्या तोंडाचा दुधाचा वास येत नव्हता. बोलताना ती कुणाच्या गुडघ्यावर रेलते, पान उलटताना बोटाला थुंकी लावते का, यातलं काही आईच्या वाट्याला येत नव्हतं. आजींच्या औषधांच्या वेळा सांभाळताना ती मधेच थांबायची आणि आपले हात बघायची. त्या हातांना आठवत होती ती नुकती चालायला लागलेली, कडेवर मावणारी ठकी. आता ती केवढी झाली असेल, हे फोनवरून डोळ्यांना कळत होतं, हातांना कळत नव्हतं. शेजारच्या घरातलं मूल "आई" अशी हाक मारायचं तेव्हा ती अजूनही वळून बघायची.

शेवटी आजींची एक भाची चार दिवस येऊन राहायला तयार झाली आणि आईला पहिल्यांदाच रजा मिळाली. गाडीत तिला झोप लागली नाही. पिशवीत नवा फ्रॉक नव्हता. मास्तर असताना तो कशाला? पण किड्यांचं पुस्तक होतं.

दार मास्तरांनी उघडलं. त्यांनी आज दाढी केली होती, नवा सदरा घातला होता आणि त्या सदऱ्याच्या खिशाला टाचणी तशीच राहिली होती. त्यांच्या पायामागे ठकी होती. मास्तरांच्या विजारीला तिनं दोन्ही मुठींनी धरलं होतं.

"ठकी!" आई खाली बसली आणि तिनं हात पसरले.

ठकी हलली नाही.

"अगं, आई आली," मास्तर म्हणाले. "जा ना."

ठकीनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, मग टेबलावर ठेवलेल्या फोनकडे बघितलं आणि मान जोरात हलवली. आईनं घाईघाईनं पिशवीतून पुस्तक काढलं. ते बघताच ठकीचा चेहरा एकदम बदलला. ती पुढे आली, आईच्या हातातून तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि छातीशी धरलं.

"हे फोनमधल्या आईचं आहे," ती म्हणाली. "द्यायचं नाही."

केवढं स्वच्छ वाक्य! ताईंनी ऐकलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. आई तशीच उंबऱ्यात बसून राहिली.

त्या दिवशी तिनं काय काय केलं नाही! भरवायला गेली, तर ठकीनं तोंड फिरवलं. वेणी घालायला गेली, तर "बाबा घालतात." रागावून उपयोग नव्हता आणि रडू तर आवरत नव्हतं. दिवेलागण झाली तशी ठकी फोनसमोर येऊन बसली, पुस्तक मांडीवर उघडून. फोन वाजेना. ती उठली, परत बसली. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. मास्तरांनी बायकोकडे बघितलं. मग डोळ्यांनीच स्वयंपाकघराकडे खूण केली.

आईनं आत जाऊन दार लोटलं, ओट्याच्या कोपऱ्यात जमिनीवर बसली आणि बाहेरच्या खोलीत फोन लावला. चित्र बंद ठेवून नुसता आवाज.

"ठकी..."

"आई!" काय आनंद होता त्या आवाजात! दाराच्या फटीतून आणि फोनमधून तो दोन्हीकडून आला. "आई, तू दिसत नाहीस."

"आज नुसती ऐकू येतेय. बोल, काय चाललंय?"

"घरात एक बाई आलीय."

आईनं डोळे घट्ट मिटले. तोंडाशी कितीतरी आलं होतं, पण ते गिळून ती म्हणाली, "बाई आलीय? कशी आहे बाई?" आणि थांबली.

"मोठी," ठकी म्हणाली. मग विचार करून म्हणाली, "रडते."

"अगं बाई. रडते? का बरं?"

बाहेर मास्तरांची खुर्ची कुरकुरली.

"तिला तिची आई पाहिजे," ठकी म्हणाली.

आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ओट्याच्या फळीला डोकं टेकून ती बसून राहिली. आवाज पुन्हा आपल्या ठिकाणी आणायला तिला फार जड गेलं. पण तो आला.

"मग तू तिला पुस्तक वाचून दाखव ना. तू वाचलंस ना, की ती रडणार नाही."

"झुरळाचं पण?"

"झुरळाचं पण."

फोन बंद झाला. इवल्या पावलांचा आवाज दारापर्यंत आला, थांबला, आणि दार ढकललं गेलं. आईनं फोन मांडीखाली लपवला. ठकी समोर उभी राहिली, तिनं या रडक्या बाईला नीट न्याहाळलं आणि मोठ्या माणसासारखा उसासा टाकून शेजारी बसली. पुस्तक दोघींच्या मधे उघडलं.

"रडू नकोस हं," ती म्हणाली. "ही बघ मुंगी. केवढा दाणा! हिच्याहून मोठा. ओढतेय, ओढतेय..."

आणि ती थांबली. मान तिरकी करून, भुवया उंचावून, ओठ मिटून वाट बघत राहिली. फोनसमोर बसताना आपण नेमकी अशीच मान तिरकी करतो, हे आईला त्या क्षणी कळलं.

"गोड दाणा," आई हळूच म्हणाली.

"हो गं बाई, गोड दाणा," ठकीनं तिला शाबासकी दिली. शेणकिड्यासाठी तिनं पाय झाडून जोर लावून दाखवला. झुरळाच्या पानावर "ईईई! ते नको, पुढचं घे!" असं थेट आजींच्या चिरक्या आवाजात ओरडली. आईला हसू फुटलं, आणि हसता हसता ती नेहमीसारखं बोलून गेली, "अगं, बिचारं नुसतं मिशा हलवतंय, त्याला काय घाबरायचं!"

ठकीचा पान उलटणारा हात थांबला. ती आईच्या तोंडाकडे बघायला लागली. मग गुडघ्यांवर उभी राहिली, आईच्या ओठांवर हात ठेवला, मग गालावर, मग नाकावर. नाक चिमटीत धरून हलवून बघितलं.

"परत बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"ढकल."

"ढकल, किड्या, ढकल," आई म्हणाली.

"तू फोनमधून आलीस?"

"हो गं. फोनमधूनच आले."

"दुखलं?"

"थोडं," आई म्हणाली. मग ठकीनं पुस्तक बाजूला ठेवलं आणि ती मांडीवर चढून बसली. जड झाली होती पोरगी, चांगली जड. दारात मास्तर उभे होते. ते सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत राहिले.

रजा कापरासारखी उडून गेली. निघायच्या दिवशी ठकीनं थयथयाट केला. चपला लपवल्या, पिशवी उलटी केली, आणि "फोनमध्ये जाऊ नकोस" म्हणून आईच्या पायाला मिठी मारली. शब्द येत नव्हते तेव्हा तिला फक्त हुंदके देता आले असते. आता ती एकेक शब्द निवडून मागत होती आणि आईला प्रत्येक शब्दाला उत्तर द्यावं लागत होतं. "कधी येणार?" "का जातेस?" "आजींना त्यांचं कुणी नाही?" मुलीला बोलतं करायला ती किती तळमळली होती, आणि आता तेच बोलणं ऐकवत नव्हतं. तरी तिनं खोटं काही सांगितलं नाही. येईन, पण लगेच नाही, असंच म्हणाली.

पुढे आणखी बरेच दिवस ती त्या नोकरीत राहिली. संध्याकाळचे फोन चालूच होते, पण आता ते संपताना ठकी रडायची, आणि आईला त्या रडण्यानं वाईट वाटायचं तसंच कुठेतरी बरंही वाटायचं. ताई म्हणाल्या, "वाट बघायला कुणीतरी आहे हे तिला कळलंय. हेही शिक्षणच आहे." किड्यांचं पुस्तक झिजून गेलं, दुसरी पुस्तकं आली. 'मुंदी'ची मुंगी केव्हाच झाली होती. आता 'नातोड्या'चाही नाकतोडा झाला. ज्या दिवशी ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं, त्या दिवशी आजींचे पाय चेपताना आईला उगाचच रडायला आलं.

"चांगलं बोलायला लागली तर रडतेस काय?" आजी म्हणाल्या.

"ते बोबडं मी फोनवरच ऐकलं, आजी. जवळून ऐकायचं राहून गेलं."

आजींना हे मात्र पहिल्या खेपेलाच ऐकू आलं. त्यांची स्वतःची मुलं समुद्रापलीकडे होती. पुढच्या महिन्यात त्यांनी थोरल्या मुलाला फोनवर ठणकावलं, "मला घेऊन जा नाहीतर तू ये, पण या पोरीला तिच्या घरी जाऊ दे." मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला. जाताना आजींनी ठकीशी फोनवर शेवटचं "ईईई" करून घेतलं.

आई घरी आली त्या संध्याकाळी ठकी आणि मास्तर गाडीपाशी उभे होते. पोरीचा पुढचा दात पडला होता. घरापर्यंतच्या वाटेत तिनं कुणाला बोलू दिलं नाही. वर्गात कोण कोणाशी कट्टी आहे, ताईंनी केस कापलेत, बाबांनी एका लठ्ठ माणसाची विजार चुकून त्याच्या मुलाच्या मापाची शिवली आणि तो माणूस कसा लालबुंद झाला, सगळं एका दमात. तिचा हात धरून आई चालत होती. चालता चालता, सवयीनं, तिचे डोळे मिटले. फोनवर हा आवाज जवळ वाटावा म्हणून ती असेच डोळे मिटायची ना इतके दिवस.

"आई, डोळे का मिटलेस? पडशील ना! ऐकतेस ना तू?"

"ऐकतेय," आई म्हणाली. तिनं डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं. "मग? त्या लठ्ठ माणसाचं पुढे काय झालं?"